व्हॉल्व्हवरचा झेंडू

झेंडूच्या फुलांचा मला राग येतो. "फुलांवर कसला राग काढतेस," असं घरातले म्हणतात आणि दसऱ्याला तोरणं बांधायची वेळ आली की मला स्वयंपाकघरात पिटाळतात. बांधोत बापडे. पण वाळलेल्या झेंडूचा हार कुठे लटकलेला दिसला, दुकानाच्या शटरवर म्हणा, पिठाच्या गिरणीवर म्हणा, की मी आधी तो तुटलाय का ते बघते. मग त्याच्याखालचं यंत्र चालतं का ते बघते. ही खोड मला डोंबिवलीतल्या एका डाईंगच्या कारखान्यात लागली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ती मला अजून शांतपणे सांगता येत नाही, आणि आता येईल असंही वाटत नाही.

माझं माहेर खाडीकाठच्या गावातलं. आम्ही आगरी. आजोबा मिठागरात राबले. बाबा थोडी भातशेती करायचा, पण त्याचा खरा जीव पागात. (आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, त्यामुळे इथेही मी करणार नाही.) पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेनं वजनाच्या गोळ्या बांधलेलं. बाबानं तो फेकला की हवेत उघडायचा आणि पाण्यावर ताट उपडं घातल्यासारखा पडायचा. गावाच्या वरच्या अंगाला एक नाला खाडीला मिळायचा. ओहोटी लागली की तिथे गोडं पाणी खाऱ्यात उतरायचं आणि बोय, कोलंबी, नशिबात असेल तर जिताडासुद्धा तिथे यायचा. ती जागा बाबाची. सातबाऱ्यावर ती कोणाचीच नव्हती, पण गावातलं दुसरं कोणी तिथे पाग टाकत नसे. माझं शिक्षण त्या जागेतून निघालं आहे. आई पाटी घेऊन कल्याणच्या बाजारात बसायची आणि बाबाची बोय संपल्याशिवाय घरी यायची नाही.

मग नाल्याच्या वरच्या अंगाला कारखाने आले. एक डाईंगचा कारखाना तर असा की नाला जवळजवळ त्याचाच झाला. त्या दिवशी जे कापड रंगवायला घेतलं असेल तो रंग नाल्याला. संध्याकाळी बाबा पाय धूत धूत सांगायचा, "आज हिरवा." दुसऱ्या दिवशी, "आज लाल." घरात पंचांग बघावं तसा आम्ही रंग ऐकायचो. पुढे म्हावऱ्याला औषधासारखा वास यायला लागला. आईची नेहमीची गिऱ्हाइकं मासळी हातात घ्यायची, हुंगायची आणि परत पाटीत टाकायची. बायका फणकाऱ्यानं बोलायच्या ते आई निमूट ऐकून घ्यायची, आणि राग मात्र घरी येऊन बाबावर काढायची. कारखान्याच्या मालकावर कोण काढणार? तो कुठे भेटायला बसला होता!

मी तोवर ठाण्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते. आमचे एक सर कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यांनी वागळे इस्टेटमध्ये एक शेड घेतली. मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं. कारखान्यांचं घाण पाणी गाळायला परदेशात चिनीमातीसारख्या पांढऱ्या भाजलेल्या नळ्या वापरतात. त्या नळीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यातून पाणी जातं, गाळ जात नाही. परदेशी नळी म्हणजे दागिना, आपल्याकडच्या कारखानदाराला ती परवडायची नाही. "आपण इथल्या मातीची करू," सर म्हणाले. मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. सरांना शास्त्र दिसत होतं. मला बाबाची जागा दिसत होती.

नळी कशी करायची ते सांगते, कारण त्याचा मला अजून अभिमान आहे आणि राग कितीही आला तरी तो जात नाही. शहाडच्या पलीकडे नदीकाठची माती मिळायची, ती चाळून धुऊन घ्यायची. वर पांढरी माती बाहेरून आणलेली. त्यात भाताचं तूस, गिरणीत बारीक दळलेलं. हे सगळं भाकरीच्या पिठासारखं मळायचं आणि चकलीच्या सोऱ्यातून दाबून काढतात तशी लांब पोकळ नळी काढायची. सावलीत वाळवायची, सारखी फिरवत राहायची, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते. मग भट्टीत भाजायची. भट्टीत तूस जळून जातं आणि ते जिथे होतं तिथे छिद्र राहतं. आम्ही जी छिद्रं विकत होतो ती भाताच्या तुसानं पाडलेली होती. शेवटी नळी पातळ मातीच्या पाण्यात बुडवून तिच्यावर एक साय चढवायची आणि पुन्हा भाजायची.

चांगली नळी ओळखायची खूण साधी होती. एक तोंड बंद करून ती पाण्यात धरायची आणि दुसऱ्या तोंडातून फुंकायचं. सगळीकडून बारीक बारीक बुडबुडे आले तर नळी पास. एकाच ठिकाणाहून मोठा फुगा आला की तडा आहे, फेकून द्या. किती फेकल्या त्याला गणती नाही. शेडच्या मागे तुकड्यांचा ढीग झाला होता आणि शेजारचा लेथवाला आम्हाला कुंभारीण आणि तिचे मास्तर म्हणायचा. म्हणे ना. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच, असं मीच त्याला ऐकवायचे.

पहिली पास झालेली नळी मी घरी नेली. बाबानं ती हातात घेऊन वजन बघितलं.

"कसली गो ही? पागाला बांदाची हाय का?"

"बाबा, हिच्यातनं पाणी गाळायचं. नाल्याचं."

त्यानं नळी डोळ्याला लावली, बोटानं आडवी चाचपली. "भोक कुटं हाय? पानी जाल कुटून?"

मी अंगणात बादली ठेवली, नाल्याचं पाणी आणलं होतं ते ओतलं. त्यात चुना आणि तुरटी टाकून ढवळलं. रंगाच्या गुठळ्या झाल्या. मग खालून बंद केलेली नळी त्यात उभी धरली. बराच वेळ काही झालं नाही. आई म्हणाली, चूल तशीच आहे. मग नळीच्या पोटात पाणी चढायला लागलं. ते मी वाटीत काढून बाबाला दिलं. वाटीचा तळ दिसत होता.  वाटी घेऊन तो शेजारच्या तीन घरांत फिरून आला.

त्या वर्षी गावातली बाबाच्या वयाची माणसं एकेक करून कारखान्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून लागत होती. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना तर बोलावून नोकरी मिळायची. बाबालाही निरोप आला होता. आई म्हणत होती, घे. म्हावऱ्यावर आता घर चालत नाही. मी म्हटलं, थांब. डाईंगवाल्यानं आमचा फिल्टर घ्यायचं कबूल केलंय. दसऱ्यानंतर नाला बघ आणि मग काय ते ठरव.

बाबा थांबला. माझ्या शब्दावर थांबला. निरोप घेऊन आलेल्याला त्यानं सांगितलं, "पोरीनं नली केलीय. बगू." आणि पागाच्या तुटलेल्या गाठी घालायला बसला.

डाईंगच्या मालकानं फिल्टर का घेतला हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं लोक म्हणतात. म्हणू देत. त्याला नाल्यात घाण पाणी सोडू नका अशी सरकारी नोटीस आली होती, ती सर्वांनाच आली होती. नोटीस आल्यावर माणूस औषध घेतो असं मला वाटलं, यात माझी काय चूक? आजारी माणूस औषधाची बाटली कपाटात दिसावी म्हणून घेतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

टाक्या बसल्या. एका हौदात डाईंगचं पाणी यायचं, तिथे चुना-तुरटी. तिथून ते दुसऱ्या टाकीत, जिथे आमच्या पांढऱ्याशुभ्र नळ्या रांगेनं उभ्या. नळ्यांच्या पोटातून गाळलेलं पाणी खालच्या तोटीतून बाहेर. घाण पाणी आत सोडायचा एक मोठा व्हॉल्व्ह, लाल चाकाचा. तो फिरवला की पाणी फिल्टरकडे, नाही फिरवला की जुन्या वाटेनं सरळ नाल्यात. मालकानं दसऱ्याचा मुहूर्त धरला. दसऱ्याला कारखान्यातली सगळी यंत्रं धुऊनपुसून, हार घालून, नारळ फोडून पुजली जातात, त्यातच आमचीही पूजा.

मी सकाळीच जाऊन उभी. व्हॉल्व्हला हात घातला तर मालक धावत आला.

"अरे मॅडम, काय करता? शुभ काम हाय. मुहूर्ताला गंदा पाणी कसा सोडणार?"

"अहो, हा घाण पाण्याचाच फिल्टर आहे."

"ते उद्यापासून. आज साफ पाणी टाकू. देवाचं काम हाय."

आणि खरंच, त्यानं टाकीत नळाचं स्वच्छ पाणी भरलं. वर कुठल्याशा तांब्यातलं गंगाजल ओतलं. स्वच्छ पाणी स्वच्छ नळ्यांतून जाऊन स्वच्छ बाहेर आलं, आणि सगळ्यांनी हात जोडले. मी सरांकडे बघितलं. सर हसले, म्हणाले, "असू दे गं. श्रद्धा आहे त्यांची." श्रद्धा! माणसानं घाण पाण्याचा फिल्टर बांधावा आणि घाण पाण्याचा विटाळ मानावा, याला आमच्यात काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

पुजारी हळदकुंकू आणि तेलाची वाटी घेऊन नळ्यांकडे वळला तेव्हा मात्र मी ओरडलेच. तेल लागलं की नळीची छिद्रं बुजतात. "नळ्यांना हात लावायचा नाही," मी म्हटलं. "पूजा करायचीच तर इथे करा," आणि व्हॉल्व्हचं लाल चाक दाखवलं. त्यानं चाकावर हळदकुंकवाची बोटं ओढली, चाकापासून खालच्या पाइपापर्यंत सलग. मालकानं झेंडूचा जाडजूड हार चाकाच्या आऱ्यांतून ओवून पाइपाला गुंडाळला आणि दोरीनं गाठ मारली. पेढे वाटले. मी बाबासाठी दोन बांधून घेतले.

मी ठाण्याला राहायचे. दसऱ्यानंतर घरी गेले की पहिला प्रश्न माझा, आज काय रंग? बाबा सांगायचा, निळा. मी म्हणायचे, नाल्याच्या तळाशी जुना गाळ आहे, तो धुवून जायला वेळ लागणार. पुढच्या वेळी, आज लाल. मी म्हणायचे, एखादं मोठं उधाण येऊन जाऊ दे. बाबा मान हलवायचा. पाग न घेताच तो रोज नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, नुसता बघायला. आई म्हणायची, देवळात जावं तसा जातो.

"तुजी नली चालू हाय ना गो?" त्यानं एकदाच विचारलं.

"चालूच असणार. नाहीतर कशाला घेतील?"

मला आत कुठेतरी टोचत होतं. वापरलेल्या नळ्या गाळानं आणि रंगानं तुंबतात. त्या आमच्याकडे परत यायच्या होत्या, भट्टीत पुन्हा भाजल्या की रंग जळून त्या नव्यासारख्या होतात. हेच तर आमच्या नळीचं स्वस्तपण. पण त्या कारखान्यातून भाजायला एकही नळी आली नव्हती. सर खुशीत होते. "बघ, काय टिकतायत!" मी म्हटलं, मी जाऊन बघून येते. सर म्हणाले, "गिऱ्हाइकानं बोलावल्याशिवाय त्याच्या घरात डोकावायचं नसतं." सर सज्जन माणूस. पण अशा सज्जनपणाचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच होतो.

फाल्गुनात बोलावणं आलं. मुंबईहून नोटिसा काढणाऱ्या सरकारी खात्याचे मोठे साहेब आणि त्यांच्यासोबत काही पाहुणे आमचा फिल्टर बघायला येणार होते. गावठी मातीतून केलेलं यंत्र म्हणून त्यांना कौतुक. सरांनी कोट घातला. मी माझी चांगली साडी नेसले.

कारखान्यात रांगोळी होती. फिल्टरच्या टाकीचं झाकण उघडलं होतं, पाणी भरलेलं, तोटीतून स्वच्छ धार चालू. नळ्या इतक्या पांढऱ्या की डोळे दिपावेत. मालक पुढे होऊन म्हणाला, "बघा साहेब, किती सफेद ठेवलं हाय. एक दाग नाही! रोज देखभाल." साहेबांनी मान डोलावली. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, वा, हॉस्पिटलसारखं आहे.

आणि मी व्हॉल्व्हकडे बघितलं.

हार होता. दसऱ्याचा. वाळून तपकिरी झालेला, पाकळ्या खाली गळून फरशीवर पडलेल्या, पण दोरी शाबूत. चाकाच्या आऱ्यांतून ओवलेली, पाइपाला गुंडाळलेली, तीच गाठ. हळदकुंकवाची बोटं चाकावरून पाइपावर सलग उतरलेली, एक रेघसुद्धा मोडली नव्हती. चाक एक बोटभर जरी फिरलं असतं तरी रेघ तुटली असती. दसऱ्यापासून होळीपर्यंत त्या चाकाला कोणाचा हात लागला नव्हता. माझ्या बाबाला मी उधाणाची वाट बघायला लावली होती आणि हे इथे नळाचं पाणी गाळून दाखवत होते!

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती त्या दिवशी कळली. मला फिल्टरची माहिती सांगायला पुढे बोलावलं होतं. मी सांगितली.

"साहेब, या नळ्या पांढऱ्या आहेत कारण त्या वापरल्याच नाहीत. एक दिवस जरी डाईंगचं पाणी गेलं असतं तरी त्या गुलाबी झाल्या असत्या. हे टाकीतलं पाणी नळाचं आहे. आणि हा हार दसऱ्याचा आहे. दसऱ्याला मी इथेच होते."

 सरांनी माझ्या दंडाला हात लावला. मालक हसला. तो कसा हसू शकला हे मला आजही कळत नाही. "मॅडमला जरा गरम होतंय. फागुन आहे ना."

मग मी पदर खोचला. हार धरून ओढला, तो तटकन तुटला आणि चुरा अंगावर आला. चाक गंजून घट्ट बसलं होतं. मी भिंतीजवळचा पाना घेतला, चाकात अडकवला आणि सगळं अंग टाकून फिरवला. लाल पाणी भसकन हौदात आलं. चुन्याची पोती कोपऱ्यात तशीच, शिवण न उसवलेली. तुरटी दमट हवेनं एक दगड झाली होती, ती पान्यानं फोडली. दोन्ही टाकून बांबूनं ढवळत राहिले. चांगली साडी गेली. कोणी मदत केली नाही आणि कोणी अडवलंही नाही. साहेबांना चहा आणि समोसे देऊन खुर्च्यांवर बसवलं होतं, ते खाता खाता माझ्याकडे बघत होते.

लाल पाणी नळ्यांच्या टाकीत चढलं. नळ्या बघता बघता गुलाबी झाल्या, मग डाळिंबी. तोटीची धार क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. मी काचेचा ग्लास धरला. ग्लासातून पलीकडे बसलेल्या मोठ्या साहेबांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी वाजवल्या. मालकानं सगळ्यात जोरात. मी ओरडून सांगत होते, "अहो, हे आज पहिल्यांदा चाललंय!" मोठे साहेब कौतुकानं म्हणाले, "पहिल्यांदाच, आणि इतकं उत्तम!" पुन्हा टाळ्या. माझ्या हातात ग्लास देऊन फोटो काढला. त्या फोटोत मी रडकुंडीला आले आहे आणि ते आनंदाचे अश्रू आहेत असं तो बघणाऱ्याला वाटतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती. त्या दिवशी मी स्वतः जात्याशी बसलेली होते, आणि माझे डोळे तर चांगले उघडे होते.

परतताना मी सरांच्या गाडीत होते. शीळफाट्याच्या पुढे सर म्हणाले, "नळी उत्तम आहे हे तरी सिद्ध झालं."

"आणि उद्या ते पुन्हा बंद करणार."

"चालवताना पाणी सावकाश उतरतं, त्यांच्या कामाचा खोळंबा होतो. चुना-तुरटी घालायला माणूस लागतो. आपण फिल्टर विकतो गं, चालवत नाही."

"मग काय विकतो आपण, सर? दसऱ्याला पुजायला मूर्ती?"

 स्टिअरिंगवरचे सरांचे हात भट्टीनं पोळून पोळून खरबरीत झालेले होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माहेरी गेले. बाबा ओट्यावर बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काल दुपारी पानी निवललेलं."

मी उभीच राहिले.

"रंगच नवता. मी म्हनलो, पोरीची नली लागली. घरा धावलो पाग आनाला." तो खाडीकडे बघत बोलत होता. "येतंव तं परत लाल."

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडायच्या आणि बाबा पाग घेऊन धावत परत यायचा वेळ. तेवढ्यात त्यांनी चाक फिरवून टाकलं होतं. निदान संध्याकाळपर्यंत तरी थांबायचं. चोरालाही तेवढा धीर असतो.

मी त्याला सगळं सांगितलं. हार, गंगाजल, समोसे, टाळ्या. टाळ्यांपाशी आले तेव्हा बाबा हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. आईनं पाणी आणून दिलं. "टाल्या?" तो परत परत विचारत होता. "खरंच टाल्या?"

त्यानंतर आमच्या शेडला ऑर्डरी आल्या. फोटो छापून आला होता ना! एकानं विचारलं, पाहणीच्या आधी बसवून मिळेल का. दुसऱ्यानं तर कमाल केली. नळ्यांना कपबशीसारखी चकाकी देता येईल का, दिसायला बरं. चकाकी म्हणजे काचेचा लेप. काचेचा लेप म्हणजे सगळी छिद्रं बंद. मी त्याला म्हटलं, त्यापेक्षा पांढऱ्या काठ्या रोवा आणि त्यांना हार घाला. तो रागावून गेला. सरांनी त्या दिवशी मला काही म्हटलं नाही. पुढे नव्वदचं दशक उजाडल्यावर सरांनी शेड बंद केली आणि मी शाळेत शिकवायला लागले. बाबाला दाखवलेली ती पहिली नळी अजून माझ्याकडे आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. त्या फाल्गुनानंतरच्या दसऱ्याला मी माहेरी नव्हते. आमच्याकडे दसऱ्याला कोयता, विळा, होडीची वल्ही, जाळी सगळं पुजतात. बाबा पागाला हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या ओहोटीला हारासकट खांद्यावर टाकून निघायचा. हार खाडीच्या पाण्यात सुटून वाहून जायचा. लहानपणी आम्ही मुली तो काठावरून दिसेनासा होईपर्यंत बघत असायचो.

मधे जाणं झालं नाही, थेट शिमग्याला मी गेले. गावात होळीची तयारी चालली होती, पोरं लाकडं ओढत होती. ओट्यावरच्या खिळ्याला एक खाकी शर्ट अडकवलेला होता, खांद्यावर पट्ट्या असलेला. वरच्या एमआयडीसीतल्या कुठल्याशा गेटवरचा. शेजारच्या खिळ्याला पाग. पागावर झेंडूचा हार. तपकिरी, पाकळ्या गळलेला, दोरी शाबूत.

मला कोणाला काही विचारावं लागलं नाही. असा हार वाचायला मी शिकले होते.

बाबा आतून आला. मी हाराकडे बघत होते ते त्यानं बघितलं. त्यानं खाकी शर्ट काढून अंगात घातला, बटणं लावली. पायऱ्या उतरता उतरता तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"कोनाला सांगू नको गो. टाल्या वाजवतील."